लेकीने आजारी रजेच्या यादीत नाव द्यावे का?

परभणीच्या एका निवृत्त एसटी वाहकांनी विचारले आहे. त्यांची मुलगी एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे, मुक्काम हैदराबादला. दोन महिने पगार झालेला नाही. उड्डाण भत्त्याचे हमी तास, म्हणजे उडाले नाही तरी ज्यांचे पैसे मिळतात ते तास, एका ई-मेलने कमी केले. रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, रात्री अकराला बदलते. आता सहकाऱ्यांनी व्हॉट्सअॅपवर ठरवले आहे की येत्या सोमवारी सगळ्यांनी एकदम आजारी असल्याचे कळवायचे, आणि नावांची यादी फिरते आहे. ते लिहितात, "एसटीच्या संपात मी पाच महिने घरी बसलेला माणूस आहे. लेकीवर टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचे, कर्ज आहे, तीन वर्षे कंपनी न सोडण्याचा बॉन्ड आहे. नाव द्यावे का? आणि नाही दिले तर सोबतच्यांना तिने तोंड कसे दाखवावे?"

दादा, उत्तर आधी देतो, कारण सोमवार जवळ आला आहे. तिने यादीत नाव देऊ नये. पण गप्पही बसू नये. सोमवारच्या आत काय करता येईल ते पुढे लिहिले आहे. मी सोळा वर्षे एटीआर हे पंख्यांचे छोटे विमान उडवले, त्यातली सहा वर्षे वैमानिकांच्या समितीत होतो. तेव्हा मी व्यवस्थापनाची वकिली करतो आहे असे समजू नका. दोन महिने पगार न देणारी कंपनी चुकलेलीच आहे.

अशा एका यादीत माझेही नाव होते. कंपनीचे नाव सांगत नाही. भत्त्यांची थकबाकी होती, समितीत चिडलेली तरुण मंडळी होती, आणि सकाळच्या पहिल्या विमानापासून सगळ्यांनी आजारी असल्याचे कळवले. त्या दिवशी आमच्यातल्या एका को-पायलटला खरोखर डेंग्यू झाला होता. त्याच्या खोलीवर कंपनीचा डॉक्टर गेला तो आजार बघायला नव्हे, खोटेपणा पकडायला. बरा झाल्यावर त्यालाही आमच्यासारखीच कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि रक्ताचे रिपोर्ट दाखवून स्वतःला खरे ठरवायची वेळ त्याच्यावर आली. थकबाकी पुढे मिळाली, पण त्यानंतर कितीतरी महिने तिथे ताप आला तरी माणूस 'सिक' कळवायला कचरायचा. ताप अंगावर काढून कॉकपिटमध्ये बसायचा.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे आणि तिचा मला आजही त्रास होतो. त्याच कंपनीत आम्ही थकव्याच्या तक्रारींचा गठ्ठा जमवला होता. एक दिवस रात्री उशिरा उतरायचे आणि परवा पहाटे चारला उठायचे, असे रोस्टर सलग लागत होते. तक्रारी खऱ्या होत्या. पण आम्ही तो गठ्ठा पगाराच्या बैठकीत टेबलावर ठेवला. बोलणी झाली, थकबाकीची तारीख ठरली आणि सद्भावना म्हणून आम्ही तक्रारी मागे घेतल्या. सहा महिन्यांनी तसेच रोस्टर पुन्हा लागले. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "कॅप्टन, मागच्या वेळी पैसे मिळाल्यावर थकवा गेला होता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्या लेकीला यातली एकच गोष्ट कळवायची असेल तर ही कळवा: थकवा आणि पगार या दोन वेगळ्या फायली आहेत. एकीचा कागद दुसरीत जाऊ देऊ नका.

हे मी का म्हणतो ते छोट्या विमानावरचे काम बघितल्याशिवाय कळत नाही. मोठ्या विमानाचा वैमानिक दिवसात दोन-तीन उड्डाणे करतो, एटीआरवाला पाच-सहा करतो. नांदेडहून हैदराबाद म्हणजे चढलो नाही तोच उतरायची तयारी. थकवा हवेतल्या तासांनी येत नाही, उतरण्यांनी येतो. शिवाय एटीआरला जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारे वेगळे छोटे इंजिन नसते. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि तेच इंजिन चालू ठेवून काम भागवतात. इंधन वाचवायला तेही बंद ठेवायचा आदेश आला की मे महिन्यात मराठवाड्यातल्या धावपट्टीवर कॉकपिटची काय भट्टी होते, हे उन्हात उभ्या एसटीत बसून तिकिटे फाडलेल्या माणसाला मी काय सांगू.

पगार आणि थकवा यांचे नाते नाही असे मी म्हणत नाही. नाते आहेच. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान पडले, ५० जण गेले. त्या विमानाची तरुण फर्स्ट ऑफिसर देशाच्या पश्चिम टोकाहून, सिअॅटलहून, रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून कामावर आली होती, आणि कॅप्टन आदल्या रात्री क्रूच्या विश्रांती कक्षातच झोपला होता. इतक्या तुटपुंज्या पगारात कामाच्या गावी घर कसे परवडणार, हा प्रश्न तेव्हा सगळ्या देशाने विचारला. पण विश्रांतीचे नवे नियम आले ते गेलेल्यांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे संसदेत हेलपाटे घातले म्हणून, आणि मागणी सुरक्षिततेची होती म्हणून. ती पगारवाढीची मागणी म्हणून मांडली असती तर कोणी ऐकले नसते.

आपल्याकडचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. वैमानिकांच्या संघटना विश्रांतीच्या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, नेटाने लढल्या. जानेवारी २०२४ मध्ये आलेले नियम विमान कंपन्यांच्या विरोधामुळे पुढे ढकलले गेले होते. ते शेवटी दोन टप्प्यांत, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली. 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली. रात्रीच्या उतरण्या सहावरून दोनवर आल्या. कंपन्यांनी थकव्याच्या तक्रारींचा अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, द्यायचा असेही ठरले. यासाठी कोणाला आजारपणाचे सोंग घ्यावे लागले नाही. आणि डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची या नियमांसाठी पुरेशी तयारी नव्हती, तेव्हा हजारो उड्डाणे रद्द झाली, लोक विमानतळांवर अडकले. कंपनीला तात्पुरती सवलत मिळाली त्याला वैमानिकांच्या संघटनांनी विरोध केला, आणि तो त्यांना ताठ मानेने करता आला. कागद त्यांच्या बाजूने होता.

आता सोमवारच्या बेताचे कायद्यात काय होते ते पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तो संप धरतात, आणि १४ दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा ठरतो. आजारी रजा म्हणजे नैमित्तिक रजा नव्हे, असा युक्तिवाद एखादा वकील करेल. करू द्या. पण व्हॉट्सअॅपवरची यादी न्यायाधीशांसमोर आली की तो युक्तिवाद टिकवणे फार अवघड आहे. जुन्या कायद्यातही विमान वाहतूक ही लोकोपयोगी सेवाच होती आणि नोटिशीशिवाय संप चालत नव्हता. म्हणजे आपल्यासाठी हा भाग नवा नाही.

इतिहासही तेच सांगतो. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढली, कंपनीने पुढाकार घेणाऱ्यांना काढून टाकले, आणि सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक पाच दिवस आजारी रजेवर गेले. तिथे कंपनीने माघार घेतली. अशा याद्या फिरवणारे लोक हेच उदाहरण देतात. २०१२ चे देत नाहीत. एअर इंडियाच्या वैमानिकांचे आंदोलन त्या मे महिन्यात आजारी रजेनेच सुरू झाले. वाद पगाराचाही नव्हता, ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे याचा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने संप बेकायदा म्हटला, कंपनीने १०१ वैमानिकांना बडतर्फ केले, संघटनेची मान्यता गेली, आणि ५८ दिवसांनी लोक न्यायालयात लेखी हमी देऊन कामावर परतले. जेटची कंपनी मोठी होती, सणासुदीचा हंगाम तोंडावर होता, तिला विमाने उडवण्याची घाई होती. तुमच्या लेकीच्या कंपनीला तशी घाई आहे का? पगाराला पैसे नसलेल्या मालकाला विमाने चार दिवस उभी राहिली तर कधीकधी बरेच वाटते. बंद पडल्याचे खापर वैमानिकांवर फोडता येते.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण मोठ्या कंपनीपेक्षा छोट्या कंपनीतले भांडण इथेच वेगळे पडते. २७ एप्रिल २०१७ ला छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेची पहिली विमाने निघाली, त्यात नांदेड-हैदराबाद होते. नांदेडकरांना तो दिवस आठवत असेल. ते विमान ट्रुजेटचे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीची उड्डाणे थांबली. नांदेडला पुन्हा नियमित विमान यायला २०२४ उजाडले, तेही दुसऱ्या कंपनीचे. या योजनेत ठरावीक जागा कमी भाड्याने विकायच्या, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २५०० रुपये होते, आणि होणारी तूट सरकार भरून देते, तीही साधारण तीन वर्षे. मदत थांबली की त्या मार्गाचा हिशेब उघडा पडतो. विमान भाड्याचे, भाडे डॉलरमध्ये, इंधन रोखीने. विमानाचे भाडे थकले तर मालक विमान घेऊन जातो, इंधन थकले तर टाकी भरत नाही. पगार थकला तर वैमानिक दुसऱ्या दिवशीही येतो. म्हणून रांगेत पगार शेवटी उभा राहतो. एसटीच्या संपात तुमच्यासमोर सरकार होते, ते उद्या गायब होणार नव्हते. छोटी विमान कंपनी होऊ शकते.

अमेरिकेतले कॉमएअरचे वैमानिक २००१ मध्ये ८९ दिवस संपावर होते. मध्यस्थी, मग तीस दिवसांची थांबायची मुदत, मग संप, सगळे कायद्याने. पगारवाढही मिळाली. पण ती कंपनी डेल्टाच्या मालकीची होती, आणि डेल्टाने छोट्या विमानांचे काम हळूहळू दुसऱ्या स्वस्त कंपन्यांकडे वळवले. २०१२ मध्ये कॉमएअर बंद झाली. ते लढले हे चूक होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या हातात एवढेच होते. मी एवढेच सांगतो की बैठकीला जाण्याआधी कंपनीचा पैसा कुठे अडकला आहे हे वैमानिकांनी शोधलेच पाहिजे. सरकारी मदतीचा हप्ता कधी येणार, कोणत्या विमानाचे भाडे थकले, किती विमाने सुट्या भागांअभावी उभी आहेत. हे क्रूला माहीत असतेच, इंजिनिअर मंडळींना विचारले की कळते. एका बैठकीत आम्ही फक्त हप्त्याची तारीख विचारली आणि त्यातून आधी पगार निघेल असे लिहून घेतले. अर्धे भांडण तिथे मिटले.

पगाराच्या फाईलसाठी आता हातात काय आहे? वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. जुन्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, त्यामुळे वैमानिक त्याच्या बाहेर पडायचे. नव्या संहितेत ती मर्यादा नाही. थकलेल्या पगाराचा दावा ती स्वतः किंवा नोंदणीकृत संघटना दाखल करू शकते. हमी तास ई-मेलने कमी केले, त्याबद्दलही बोलता येते: कामगाराच्या पगार-भत्त्यांत त्याच्या तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सरळ विचारायचे, नोटीस कुठे आहे.

इथे कंपनी म्हणेल, वैमानिक कामगार नाही, अधिकारी आहे. कॅप्टन मंडळींना हे ऐकायला गोड लागते. चार पट्ट्या खांद्यावर आल्या की 'कामगार' म्हणवून घ्यायला संकोच वाटतो. तो संकोच महागात पडतो. देखरेखीचे काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा आहे, पण कुशल आणि तांत्रिक काम करणाऱ्याला नाही, आणि विमान उडवणे हे तांत्रिक कामच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकांना कामगार मानले आहे. याचा उपयोग सर्वांत वाईट दिवशी कळतो. कंपनी दिवाळखोरीत जाऊन तिची मालमत्ता विकायची वेळ आली तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. जो कामगार नाही त्याची फक्त १२ महिन्यांची, आणि तीही एक पायरी खाली. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला. दोन्हीकडच्या लोकांनी पैशांसाठी वर्षे मोजली आहेत.

बॉन्डचे सांगतो. बीडकडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि मग ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. लेकीचा बॉन्ड त्याच घरातला आहे. फरक इतकाच की उचल तिच्या हातात आलीच नाही, ती प्रशिक्षण केंद्राला गेली. बॉन्ड म्हणजे नुसता कागद, असे तिला कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा बॉन्ड योग्य ठरवला आहे. पण लिहिलेली सगळी रक्कम आपोआप वसूल होत नाही, वाजवी भरपाईपुरतीच होते, आणि ज्या कंपनीने स्वतः पगार थकवून करार मोडला आहे तिचा दावा लंगडा पडतो. त्यासाठी थकबाकीची पत्रे तारखेसह हवीत.

राजीनाम्याचा विचार असेल तर २०१७ पासून फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, बारा महिने नोटीस द्यावी लागते, आणि जुन्या कंपनीचे ना हरकत पत्र लागते. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न पाळता गेले तेव्हा प्रकरण दोन उच्च न्यायालयांत पोहोचले. त्याच नियमात असेही आहे की नोटिशीच्या काळात कंपनीने वैमानिकाचे रास्त हक्क काढून घ्यायचे नाहीत. ही ओळ फार कमी जण वाचतात.

सोबतच्यांना तोंड कसे दाखवायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते. एसटीत तुम्ही पाहिले आहे. कृती समितीने २०२१ मध्ये संप मागे घेतला, लोक थांबले नाहीत, विलीनीकरणासाठी बसून राहिले. मग कोणाच्या सहीने तडजोड करायची हेच उरले नाही आणि शेवट उच्च न्यायालयाने दिलेल्या २२ एप्रिलच्या तारखेवर झाला. व्हॉट्सअॅप गटाचेही तसेच आहे. कंपनी उद्या पैसे द्यायला तयार झाली तरी गटाच्या वतीने सही कोण करणार? म्हणून तिने 'मी येत नाही' असे म्हणू नये. सोमवारच्या ऐवजी काय करायचे ते घेऊन जावे. संघटना नोंदवायला किमान सात जणांचे अर्ज आणि एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तितके सभासद लागतात. एकूण कामगारांपैकी ५१ टक्के किंवा जास्त एका संघटनेत आले तर बोलणी करण्याचा हक्क तिचाच. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांच्या वेगळ्या चुली मांडू नका, व्यवस्थापन पहिल्या आठवड्यात कॅप्टनांना वेगळा भत्ता देऊन फोडते. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून पगाराच्या वादाचा अर्ज राज्याच्या कामगार कार्यालयात देऊन महिना घालवू नका. केंद्रीय कामगार आयुक्तांच्या हैदराबाद कार्यालयात द्या. तिथे समेटाची कार्यवाही सुरू झाली की कंपनीला सेवाशर्ती मनमानीने बदलता येत नाहीत. तुम्हालाही त्या काळात संप करता येत नाही, हे दोन्ही लक्षात ठेवा.

एवढे करून पैसे नाही मिळाले तर नोटीस देऊन, उघड, सहीनिशी संप करा. मी तेव्हा तुमच्या लेकीला नाव दे असेच सांगेन.

आणि ज्या दिवशी ती खरोखर थकलेली असेल, झोप झालेली नसेल, डोळे जड असतील, त्या दिवशी तिने पगार झालेला असो वा नसो, उडू नये. त्याच तासाला थकव्याची तक्रार लिहावी. त्या तक्रारीत पैशांचा एक शब्द नको.

तिला आजपासून एक वही घालायला सांगा. हॉटेलमधून गाडी किती वाजता निघाली, रिपोर्टिंग किती वाजता, किती उतरण्या, शेवटचे इंजिन किती वाजता बंद, खोलीवर किती वाजता, झोप किती तास, रोस्टर बदलल्याचा मेसेज कधी आला. कागदाची वही घ्यावी. कंपनीच्या टॅबवर नोंदी ठेवू नयेत, कारण भांडण सुरू झाले की लॉगिन सगळ्यात आधी बंद होते.